खांद्यावर लाल डागाचा पोपट कोणता?

वावरातला_गडी:
आमच्या धुऱ्यावर जुनं मोहाचं झाड हाय, त्याच्या ढोलीपाशी सकाळी पोपटांचा नुसता कल्ला असतो. पण त्यातले काही जरा जास्तच थोराड वाटतात अन् खांद्यापाशी पंखावर तांबडा डाग हाय. शेजारचे काका म्हणतात मोठा तो नर, लहान ते मादी. खरं हाय का जी?

रानभटक्या:
नाही भाऊ, जातच वेगळी आहे. लहान तो आपला नेहमीचा राघू, शेपटी धरून ४० सेंमीच्या आसपास. लाल डागाचा तो पहाडी पोपट, अलेक्झांड्रिन पॅराकीट म्हणतात, हे नाव सिकंदरावरून पडलं, तो पार ५५-६० सेंमीपर्यंत जाते. नर ओळखायचा असंल तर कंठ, म्हणजे गळ्याभोवतीचा पट्टा, पाहा, दोन्ही जातींत कंठ फक्त नरालाच फुटते, अन् तोही दोन-तीन वर्षांचा झाल्यावर. खांद्याचा डाग मात्र पहाडीच्या नर-मादी दोघांनाही असतो, म्हणून काकांचा हिशोब जमत नाही.

संत्र्याची_बाग:
डागावर फार विसंबू नका, उंच फांदीवर पानाआड बसला की तो दिसतच नाही. चोच पाहा. पहाडीची चोच म्हणजे अडकित्ताच, वरचा-खालचा दोन्ही भाग लाल. आपल्याकडच्या राघूचा खालचा भाग काळपट असतो. आणि वरून उडत गेला तर आवाजावरून कळतं, राघू चिरका ओरडतो अन् पहाडीचा आवाज जाड, घोगरा. बाकी नुकसान दोघंही सारखंच करतात, ज्वारीचं कणीस अर्धं खाऊन अर्धं खाली पाडतात 😤

नवीन_मेंबर:
पहाडीचं पिल्लू कुठं भेटन का? बोलाले लवकर शिकते म्हणतात

रानभटक्या:
नाही भेटणार अन् शोधू पण नका. राघू असो का पहाडी, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं सगळा गुन्हा आहे. पिल्लासाठी लोक ढोलीच फोडतात, मग पुढच्या वर्षी पोपटानं अंडी कुठं घालायची? त्याला घरट्याला ढोलीच लागते, अन् जुनी झाडं तर आपण धुऱ्यावरून साफ करत चाललो.

वावरातला_गडी:
आज नीट पायलं. चोच पुरी लाल, डाग हाय, पण कंठ नाई. म्हणजे मादी ना?

संत्र्याची_बाग:
मादी असेल किंवा तरणा नर. ढोलीत कोण जास्त वेळ बसते ते पाहा, अंडी मादी उबवते.