मोटरहोमचं इंजिन ऑइल: मैल मोजायचे की महिने?

प्रेषक: कॅन्टनकर (नवीन सभासद)

मंडळी, नमस्कार.

पाडव्याच्या जेवणाच्या मेलामेलीत हा विषय घुसवतेय, रागावू नका. मिशिगनमध्ये मोटरहोम (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) बाळगणारे आपल्या मंडळात तीन-चार जण आहेत असं ऐकलंय, म्हणून विचारते.

मागच्या सप्टेंबरात आम्ही एक जुनं मोटरहोम घेतलं. २०१६चं, फोर्ड ई-४५० च्या सांगाड्यावर बांधलेलं, ६.८ लिटरचं व्ही-१० (दहा सिलिंडरचं) इंजिन, पेट्रोलवर चालणारं. मैल ३१,००० च्या थोडे वर. आधीच्या मालक आजोबांनी एका वहीत सगळं टिपून ठेवलंय. त्यात ऑइल बदलल्याची शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची आहे आणि तेव्हापासून गाडी चाललीय फक्त १,१०० मैल. जूनमध्ये यलोस्टोनला जायचंय. जाऊन-येऊन, तिथे फिरून चार हजार मैल तरी होतील.

आमच्या ह्यांचं म्हणणं, ऑइल ५,००० मैलांना बदलायचं, म्हणजे अजून ३,९०० शिल्लक आहेत, यलोस्टोन त्यात जवळजवळ बसतं. हिशेब चोख आहे, पण मला पटत नाहीये. पुण्यातला माझा भाऊ (त्याचे टेम्पो आहेत) म्हणतो, "ताई, ट्वेन्टी-डब्ल्यू-फिफ्टी टाक, जाड ऑइल डोंगरात बरं." आणि हो, हिवाळाभर ह्यांनी दर रविवारी इंजिन दहा मिनिटं चालू ठेवलं होतं, गाडी "जिवंत" राहावी म्हणून.

प्रेषक: ट्रॉयवाले काका

कॅन्टनकर ताई,

ऑइल आत्ताच बदला. आणि ऑक्टोबरात गाडी हिवाळ्यासाठी उभी करण्याआधी पुन्हा बदला, मग मधे चारच हजार मैल झालेले असले तरी. आता कारण सांगतो. थोडं लांबेल, रिटायर माणसाला वेळ असतो.

माझी सगळी नोकरी इंजिनांच्या चाचण्या घेण्यात गेली. तिथे पहिल्याच वर्षी शिकलो ती गोष्ट म्हणजे, एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक सगळं वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. पण पिस्टनच्या बाजूने थोडी वाफ आणि थोडं न जळलेलं पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतंच. इंजिन गरम असेल तर ते उडून जातं. थंड असेल तर तिथेच मुक्काम ठोकतं आणि हळूहळू ऑइल आंबट, म्हणजे आम्लयुक्त, होतं. ते आंबट ऑइल सहा महिने बेअरिंगांना चोपडलेलं राहणार. म्हणून बदलायचं ते हिवाळ्याच्या आधी. वसंतात बदललं की मनाला बरं वाटतं, पण व्हायचं ते नुकसान तोवर होऊन गेलेलं असतं.

आता साहेबांचे रविवार. दहा मिनिटांत टेम्परेचरचा काटा वर येतो, पण तो काटा कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा). ऑइलला गरम व्हायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो, आणि तोही रस्त्यावर, इंजिनावर भार असताना. उभ्या गाडीत दहा मिनिटं म्हणजे पाणी तयार करायचं आणि उडू द्यायचं नाही. आजारी माणसाला अंघोळ घालून ओलाच निजवण्यातला प्रकार. बॅटरीसाठी छोटा चार्जर लावा. इंजिन चालू करायचंच असेल तर वीस-पंचवीस मैल फिरवून आणा, नाहीतर एप्रिलपर्यंत हातही लावू नका.

५,००० मैलांबद्दल. फोर्डच्या पुस्तकात जड कामासाठी तो आकडा आहे खरा, पण त्याच ओळीत "किंवा ६ महिने, किंवा इंजिनचे २०० तास" असंही आहे. यातलं जे आधी येईल ते. लोक मैलांपाशीच वाचायचं थांबतात. ई-४५० चं भरलेलं वजन साडेचौदा हजार पौंडांपर्यंत जाऊ शकतं आणि गॅलनला आठ-नऊ मैल मिळतात, तेव्हा "जड काम" आपल्याला लागू नाही असं कुणी म्हणू नये. हिवाळ्यात गाडी उभीच असेल तर सहा महिने मी काटेकोर धरत नाही, पण वर्षाच्या पुढे जाऊ देत नाही.

बंधूंना नमस्कार सांगा, पण जाड ऑइल नको. टेम्पोचं इंजिन वेगळं, त्यांची हवा वेगळी. या व्ही-१० ला ५डब्ल्यू-२०, म्हणजे पातळ ऑइल, लागतं. मे महिन्यातल्या आपल्या सकाळी २०डब्ल्यू-५० वरपर्यंत पोचेस्तोवर इंजिन कोरडंच फिरेल. यलोस्टोनच्या वाटेवर बिगहॉर्न डोंगरांत पावडर रिव्हर पास हा घाट ९,६६६ फुटांवर आहे. तिथे चढताना जाड ऑइलपेक्षा खालचा गिअर आणि धीर उपयोगी पडतो.

प्रेषक: नोव्हायकर

काकांशी ९० टक्के सहमत. उरलेले १० टक्के असे की चांगलं सिंथेटिक ऑइल दोन वर्षंही टिकू शकतं, फक्त अंदाजावर जाऊ नका, तपासून घ्या. लॅबला छोट्या बाटलीत नमुना पाठवला की ऑइलमध्ये पेट्रोल किती, पाणी किती, कुठला धातू झिजतोय, सगळं कळतं. मी दर वर्षी पाठवतो.

आमचं डिझेल आहे, मर्सिडीज स्प्रिंटर. तिथे तर वेगळीच गंमत. काजळीचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो तेव्हा सिलिंडरमध्ये जास्तीचं डिझेल सोडलं जातं, त्यातलं थोडं ऑइलमध्ये झिरपतं. त्यामुळे डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइल *वाढलेलं* दिसलं तर खूश होऊ नये.

प्रेषक: ट्रॉयवाले काका

लॅबचा रिपोर्ट छान असतो, फ्रेम करून लावावा. पण तपासणीचे पैसे आणि ऑइलचे पैसे यांत फार अंतर नाही हो. स्प्रिंटरला बारा-तेरा लिटर लागतं, तिथे तुमचं बरोबर. ताईंच्या गाडीला नाही.

प्रेषक: अ‍ॅन आर्बरची वहिनी

ऑइल कधी बदलायचं हे तुम्ही ठरवलंत. कुणाकडून बदलायचं हे मी सांगते, कारण ते मी भोगलंय.

तीन वर्षांपूर्वी आम्ही हायवेजवळच्या एका झटपट ऑइलवाल्याकडे गेलो. बहुतेक ठिकाणी मोटरहोम उंचीमुळे आतच जात नाही, इथे दार उंच होतं म्हणून आनंद झाला. वीस मिनिटांत काम झालं. आय-९४ वर चाळीस मैल गेल्यावर मागच्या गाडीतला माणूस हॉर्न वाजवून हात करायला लागला. थांबून बघते तर मागची काच, सायकली, सगळं तेलाने माखलेलं. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिली होती आणि त्यावरच नवा फिल्टर बसवला होता. दोन रिंगा एकावर एक बसत नाहीत, प्रेशर आलं की एक निसटते. ऑइलचा दिवा लागायच्या आत थांबलो म्हणून इंजिन वाचलं.

तेव्हापासून घरीच. गाडी उंच असते, जॅक लागत नाही, खाली सरपटत जाता येतं. जुना फिल्टर काढला की त्याच्या तोंडावर रिंग आहे ना हे *बोटाने* चाचपायचं. नव्या रिंगेला ऑइलचं बोट लावायचं आणि हाताने आवळायचं, पान्याने नाही. नवं ऑइल घालून इंजिन मिनिटभर चालवायचं, बंद करून खाली वाकून बघायचं. वापरलेलं ऑइल ऑटो पार्ट्सच्या दुकानात बहुधा फुकट घेतात.

आणि जनरेटर! त्याला स्वतःचं ऑइल असतं, हे मला घेतल्यानंतर दोन वर्षांनी कळलं. ओनान कंपनीचा असेल तर ते दर १५० तासांनी किंवा वर्षाने बदलायचं. जनरेटर महिन्यातून एकदा दोन तास, अर्धा भार देऊन चालवायचा. गेल्या पिकनिकला मंडळाचा स्पीकर आणि वड्यांची कढई आमच्याच जनरेटरवर दिवसभर चालली होती. त्या ऑइलचे पैसे अजून यायचेत, खजिनदार वाचत असतीलच.

प्रेषक: खजिनदार

वाचतोय. पावती पाठवा.

प्रेषक: कॅन्टनकर

सगळ्यांचे आभार. काल ट्रॉयवाले काका स्वतः आले, चटई घेऊन. फिल्टर एफएल-८२०एस आणि ऑइल ५डब्ल्यू-२० ह्यांनी सकाळीच आणलं होतं.

ऑइल भरायचं झाकण काकांनी उघडून ह्यांच्यासमोर धरलं. आतल्या बाजूला कॉफीत दूध फाटल्यासारखा पिवळट चिकट थर. काका एवढंच म्हणाले, "हे तुमचे रविवार." खाली आलेलं ऑइल काळं आणि पातळ होतं, बोटाला पेट्रोलचा वास येत होता. रिंग दोनदा चाचपली. ह्यांनी वहीत आजोबांच्या नोंदीखाली तारीख टाकली आणि पुढे स्वतःहून लिहिलं, "पुन्हा: ऑक्टोबर."

जनरेटरचं मीटर ४१२ तास दाखवतंय आणि वहीत त्याच्या ऑइलचा एक शब्दही नाही. ते काम पुढच्या शनिवारी. दोन क्वार्टाच्या आतच लागतं म्हणे, पण भरायची जागा बोटभर. कुणाकडे लांब नळीचं बारीक नरसाळं आहे का? घरात एक आहे, पण ते सासूबाईंचं तेलाचं, आणि त्यांनी ते कालच कपाटात कुलूप लावून ठेवलंय.