मदत हवी आहे : वाडीची शाळा समूह शाळेत जाऊ नये म्हणून काय करावं?

नमस्कार मंडळी. आमच्या वाडीच्या जिल्हा परिषद शाळेचा पट 11. 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून त्यांची एक मोठी समूह शाळा करण्याचे प्रस्ताव 2023 मध्ये मागवले गेले, तेव्हापासून धास्ती आहे. आता चार किलोमीटरवर पोरं पाठवा म्हणतात. वाटेत ओढा, पावसाळ्यात पहिलीतलं पोर दप्तर डोक्यावर धरून कसं उतरणार? गाडी देऊ म्हणतात, पण आमच्या घाटात एसटीही दोन-दोन दिवस येत नाही.

आरटीईनुसार (शिक्षण हक्क कायद्यानुसार) पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी ना? शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालकच. मग समितीचा ठराव पुरेल, की ग्रामसभेचाही लागेल? कुणी शाळा वाचवली असेल तर ठरावाचा मसुदा पाठवा. शनिवारी बैठक आहे.