मदत हवी आहे: ४० हजारांत पीसी, पुढे वाढवता येईल असा

सिमेंट_वाळू
पीसी जोडायचाय. बजेट ४० हजार. दोन-तीन वर्षांनी सगळं भंगारात घालायला लागू नये एवढंच. दुकानदार रायझन ५६००जी प्रोसेसर, ए५२० मदरबोर्ड आणि ८+८ जीबी रॅम म्हणतोय. प्रोसेसरचा सॉकेट एएम४ घेऊ की एएम५? शनिवारी लॅमिंग्टन रोडला जातोय, लवकर सांगा.

रिकामा_स्लॉट
कशासाठी हवाय? मॉनिटर त्याच ४० मध्ये की वेगळा? घरात जुनं काय पडलंय?

फ्रेमरेट
डोळे झाकून आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड टाका, १०८०पीला गेम खेळायला काही बघायला नको. ६५०० एक्सटी मात्र फुकट मिळालं तरी नको. चारच लेनचं (डेटाच्या वाटांचं) कार्ड, त्यात ए५२०चा जुन्या पिढीचा, जेन ३ स्लॉट, आणखी मार खाईल.

रिकामा_स्लॉट
गेमचं नाव तरी काढलं का त्यांनी?

सिमेंट_वाळू
गेम नाही. ऑटोकॅड आणि रेव्हिट, इमारतींची ड्रॉइंगं आणि मॉडेलं. मॉनिटर आहे. जुना पीसी आय३-७१००, विंडोज ११ घेत नाही म्हणून तर बदलतोय. त्यातली ८ जीबी डीडीआर४ रॅम चालेल का?

बारा_व्होल्ट
रेव्हिट हे आधी सांगायचं ना राव. यादीच बदलली. मॉडेल फिरवणं, व्ह्यू उघडणं ही कामं मुख्यतः एकाच कोअरवर चालतात आणि तिथे इंटेलचा आय५-१२४०० हा ५६००जीच्या पुढे आहे. १२४०० घ्या, १२४००एफ नको; एफमध्ये ग्राफिक्स नसतं, कार्ड नसेल तर स्क्रीन काळीच राहील. बिलावर शेवटचं अक्षर वाचूनच पैसे द्या.
बोर्ड बी७६०, डीडीआर४वाला, चार रॅम स्लॉटचा. तोच चिपसेट डीडीआर५मध्येही मिळतो, बॉक्स नीट बघा. एच६१० स्वस्त पडतो, पण रॅमचे स्लॉट दोनच, आणि बऱ्याच मॉडेलांत व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागावर) हीटसिंकही नसतो. उद्या त्यावर आय७ बसेल, पण लांबलचक रेंडरला दमेल.

एएम५_झिंदाबाद
म्हणजे अपग्रेड मागणाऱ्याला मेलेला सॉकेट? १२४००चा एलजीए१७०० इंटेलच्या चौदाव्या पिढीवर संपला. एएम५वर एएमडीने किमान २०२७पर्यंतचा शब्द दिलाय. त्यावरचा रायझन ८५००जी घ्या, कार्ड नंतर लावा.

बारा_व्होल्ट
८५००जीमध्ये ग्राफिक्स कार्डला चारच लेन मिळतात. म्हणजे नंतर कार्ड लावायचं म्हणून घेतलेली चिपच आडवी येणार. एएम५वर जायचं तर साधा ७६००, ज्याला पूर्ण सोळा लेन आहेत. पण तिथे डीडीआर५शिवाय गत्यंतर नाही, आणि २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव विचारू नका. बजेट ५५च्या पुढे नेता येत असेल तर मीही आधी ७६००च सुचवेन. ४०त नाही. यांना १२४००वरून पुढे १४७००पर्यंत जाता येतं, रेव्हिटला ती उडी पुरेशी आहे. फक्त ती चिप बसवण्याआधी बोर्डाचं बायोस (त्यातलं मूळ सॉफ्टवेअर) नवं करा. तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या वरच्या चिप्सना जादा व्होल्टेजचा त्रास होता, त्यावर इंटेलने २०२४मध्ये मायक्रोकोडची दुरुस्ती दिलीय, ती बायोसमधूनच येते.

रिकामा_स्लॉट
रॅमवर माझं मत वेगळं. चार स्लॉटच्या बोर्डासाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा १६ची एकच काठी घ्या, दुसरी नंतर.

बारा_व्होल्ट
एकच काठी म्हणजे सिंगल चॅनल, रॅमकडे जायला एकच वाट. आतलं ग्राफिक्स रॅमवरच जगतं, थ्रीडी व्ह्यू फिरवताना लगेच जाणवेल. ८+८ चारपैकी दोन स्लॉटांत, प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या. उरलेल्या दोनांत पुढे १६+१६.

रिकामा_स्लॉट
आणि चारही भरल्यावर एक्सएमपी (रॅम छापील वेगाने चालवणारी सेटिंग) चालू होईना की परत इथेच धागा. असो. जुनी ८ची काठी २४००ची असणार. नव्या ३२००सोबत लावलीत तर सगळ्याच २४००वर उतरतील. भाव उतरेपर्यंत निभावून न्यायला हरकत नाही.

सिमेंट_वाळू
कॅबिनेट घेऊन झालंय. ४५० वॅटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) त्याच्यासोबतच आलाय, तेवढे वाचले.

बारा_व्होल्ट
वाचले नाहीत. त्याच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर किती लिहिलेत?

सिमेंट_वाळू
+१२व्ही १४ए.

बारा_व्होल्ट
१२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट. ४५० फक्त स्टिकरवर. चांगल्या ५५०वाल्याला त्या रकान्यात ४०च्या पुढे आकडा असतो. ८० प्लस ब्राँझ (कार्यक्षमतेचा शिक्का), ५५० वॅट, कार्डासाठी ६+२ पिनांची वायर असलेला घ्या. जुन्या चार पिनी मोलेक्सवरून आठ पिन काढणारा जोड लावू नका, वितळतो.

टंकाळा
विषय निघालाच आहे तर, ऑटोकॅडमध्ये मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात त्यांनी स्टाइल कमांडमध्ये ऑटोकॅडचा स्वतःचा एसएचएक्स फाँट काढून मंगल किंवा निर्मला यूआय ठेवावा.

रिकामा_स्लॉट
मॉनिटरला पोर्ट कुठलं आहे?

सिमेंट_वाळू
निळं. स्क्रूवालं.

रिकामा_स्लॉट
व्हीजीए. काही बी७६० बोर्डांवर ते असतं, मागची पट्टी बघून घ्या. नसेल तर एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा ॲक्टिव्ह कन्व्हर्टर. पुढे कार्ड लावाल तेव्हा केबल कार्डाला जाते, आणि नव्या कार्डांवर व्हीजीए येतच नाही.

सिमेंट_वाळू
म्हणजे १२४००, बी७६० डी४, ८+८, नवा एसएमपीएस. एसएसडी कुठली?

फ्रेमरेट
५०० जीबी एनव्हीएमई, जेन ३ पुरे. आणि तरीही सांगतो, ६६०० घ्या.