मदत हवी आहे: फ्लाय प्रेसचा पेच कुठे करून मिळेल?

नमस्कार मंडळी. भांडुपच्या गाळ्यात माझी छोटी भट्टी आणि ऐरण आहे. घण मारून खांदा गेला, शेजारीही वैतागले, म्हणून तापलं लोखंड दाबायला हाताने फिरवायचा फ्लाय प्रेस (वजनदार चाक फिरवलं की जाड पेचावरून मुंडकं खाली येऊन दाबतं, तो) बनवतोय.

दारूखान्याच्या भंगार बाजारातून जाड लोखंडी चॅनेल आणि चाकाची वजनं आणली. घोडं अडलंय पेचावर. आधी जुन्या जॅकचा ५० मिमीचा पेच बसवला. सिंगल स्टार्ट, म्हणजे एकच आटा गुंडाळलेला, ८ मिमी पिच, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर. चाक कितीही जोरात फिरवा, मुंडकं गोगलगायीसारखं उतरतं आणि दाबल्यावर तिथेच आवळून बसतं, उसळून वर येतच नाही. तोवर लोखंड काळं! थ्री-स्टार्ट, म्हणजे शेजारी शेजारी तीन गुंडाळलेले, चौकोनी आटे हवेत, म्हणजे त्याच पिचवर एका फेऱ्यात २४ मिमी उतरेल.

लेथवाले सिंगल स्टार्ट आनंदाने पाडतात, थ्री म्हटलं की चहा पाजून वाटेला लावतात. कुर्ला-साकीनाक्याकडे हे काम करणारं कोणी आहे का? की मोडीतल्या प्रेसचा पेच आणि नट जोडीनेच शोधू? नट गनमेटलचाच (तांबं-कथलाचा मिश्रधातू) हवा का? आणि वेल्ड केलेली सी-फ्रेम (एका बाजूने उघडा सांगाडा) ठोक्याने उघडेल अशी धास्ती वाटते, तर सरळ एच-फ्रेम (दोन्ही बाजूंना खांब असलेली) करू?