पाणवेडी कुत्री, नदीकाठ आणि झाडी: पट्टा सोडायचा की नाही?

पायवाट

आमची भिंगरी साडेतीन वर्षांची. मिश्र जातीची, अंगाने मध्यम, कान पडके आणि नाक कायम जमिनीला. आतापर्यंत तिचं फिरणं म्हणजे डांबरी रस्ता नाहीतर बाग. हल्ली मला एक पायवाट सापडली आहे. थोडा वेळ नदीच्या काठाने जाते, मग दाट झाडीत शिरते. तिथे गेलं की ही बाई वेगळीच होते. पाणी दिसलं की चारही पाय रोवून ओढते, आणि झाडीत शिरली की हाक मारा नाहीतर मारू नका. एक कान तेवढा मागे वळतो, म्हणजे ऐकू येतंय, यायची इच्छा नाही.

तर पट्टा सोडायचा का, आणि सोडायचा तर कुठे? नदीचं पाणी प्यायली तर चालतं का? (मी बाटली नेते, तिला ती बघायचीसुद्धा नसते.) गोचिडांचं काय करता? मागच्या खेपेला फिरून आल्यावर दोन दिवसांनी कानामागे टम्म फुगलेली एक सापडली. बूट, जाकीट वगैरे काय विकत घ्यावं ते कृपया नको. वाटेवर काय काय बघावं ते सांगा.

जुनी काठी

बूट नको म्हणालात, बरं वाटलं. लोक बूट घेतात आणि काठ बघत नाहीत.

नदीकाठी गेलो की मी आधी बघतो तो कुत्रा पाण्याबाहेर कुठून येईल ते. आत जायला त्याला कुठलीही जागा चालते, उंच दरडीवरूनही उडी ठोकेल. बाहेर यायला मात्र पायाखाली लागणारा उतार हवा. काठ उभा असला, सिमेंटची भिंत असली किंवा खालून माती खचून नुसती मुळं लोंबत असली की काय होतं बघा: कुत्रा काठाशी येतो, पुढचे पंजे वर टाकतो, माती सुटते, परत पाण्यात. असं काही वेळा झालं की चांगला पोहणाराही दमतो. म्हणून पहिल्यांदा भिंगरीला घरी ठेवून एकट्याच जा. रेतीचा नाहीतर गोट्यांचा पसरट काठ कुठे आहे ते हेरून ठेवा आणि तिला त्याच्या थोडं वरच्या अंगाला पाण्यात सोडा, कारण धार तिला खालीच नेणार.

बंधारा असेल तर त्याच्या वर किंवा खाली पट्टा सोडूच नका. वरचं पाणी शांत दिसतं. खाली जिथे फेस उठतो तिथे पाणी उलटं फिरून पडत्या धारेकडे मागे ओढतं. त्यात सापडलेला माणूस निघत नाही, कुत्रा कुठला निघायला! पाणी गढूळ झालं असेल, काटक्या-पाचोळा वाहत येत असेल तर वर कुठेतरी पाऊस झालाय. त्या दिवशी नदीकडे फिरकायचं नाही, झाडीतूनच वळून यायचं.

आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: कुत्रा वाहत निघाला तर मागे उडी मारायची नाही. काठाने खाली पळायचं, उतार असेल तिथे थांबायचं आणि हाका मारायच्या. पुष्कळदा कुत्रा आपला आपण बाहेर येतो, आणि बुडतो तो मागून उडी टाकणारा.

पट्ट्याचं म्हणाल तर तुमच्या वर्णनावरून भिंगरी अजून मोकळी सोडण्याजोगी नाही. दहा मीटरचा लांब दोर घ्या (एवढी एक खरेदी माफ करा). तो गळपट्ट्याला बांधू नका, छातीवरच्या हार्नेसला बांधा. दहा मीटर धावून एकदम हिसका बसला तर मानेचं काही खरं नाही. सुती दोर भिजला की जड होतो आणि चिखल ओढत फिरतो, त्यापेक्षा प्लास्टिकचं आवरण असलेली पट्टी बरी, पुसली की स्वच्छ. बटण दाबून आत ओढला जाणारा पट्टा झाडीत नकोच. ती बारीक दोरी खोडाला वेढा घालते आणि आपण घाईत हाताने धरली की बोटं कापते. पाण्यात उतरताना मात्र लांब दोर काढायचा, कारण तो बुडालेल्या फांदीत अडकला तर कुत्रा तिथेच खिळतो. थोडक्यात, काठ चांगला असेल तर पाण्यात मोकळी, झाडीत दोरावर. लोक नेमकं याच्या उलट करतात.

गोचीडशत्रू

गोचीड आणि पाणी या दोन्हींवर लिहितो. नावावरून कळलंच असेल.

घरी आल्यावर नाही, गाडीत बसण्याआधीच तपासायचं. हात केसांच्या उलट दिशेने फिरवायचा, डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतं. कानाच्या आतल्या घड्या, गळपट्ट्याखालची जागा, काखा, जांघा, शेपटीचं मूळ, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पायाच्या बोटांमधली फट. तिथे राईएवढी बसलेली असते, घाईत डाग वाटतो. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढायची, न पिळता. तेल, रॉकेल, पेटती काडी यातलं काहीही नको. गोचीड बिथरली की पोटातलं कुत्र्याच्या रक्तात ओकायची भीती असते. पुढचे तीनेक आठवडे लक्ष ठेवा. ताप, खाण्यावरून मन उडणं, हिरड्या फिक्या पडणं, नाकातून रक्त येणं, यातलं काही दिसलं तर डॉक्टरांना गोचिडीचं आवर्जून सांगा. त्यांना तेवढ्यावरून दिशा मिळते.

मानेवर टाकायचं औषध वापरत असाल तर ते टाकल्यावर पाकिटावर लिहिलेले दिवस तिला पाण्यात जाऊ देऊ नका. एक तर औषध धुऊन जातं, आणि दुसरं म्हणजे त्यातल्या काहींत फिप्रोनिल नावाचं कीटकनाशक असतं, ते पाण्यातल्या किड्यांना फार घातक असतं. इंग्लंडमधल्या नद्यांच्या पाण्यात ते सापडलेलं आहे. पोहणाऱ्या कुत्र्याला गोळी बरी पडते, पण कुठली ते डॉक्टरच ठरवतील.

पिण्याच्या पाण्याबद्दल: साचलेल्या, संथ पाण्यात लेप्टोस्पायरा नावाचा रोगजंतू असू शकतो. उंदीर, गुरं, रानटी प्राणी यांच्या मुतातून तो येतो आणि त्याचा आजार माणसालाही होतो. लस दरवर्षी द्यावी लागते, चुकवू नका. उन्हाळ्यात वारा पडला की काठाशी हिरव्या रंगाचा थर जमतो, कोणी ऑइलपेंट ओतल्यासारखा. ते निळं-हिरवं शेवाळ. त्यातल्या काही जाती यकृत निकामी करतात, काही थेट मज्जासंस्थेवर जातात, आणि उतारा नाही. कुत्रा प्यायला नाही तरी अंग चाटताना पोटात जातंच. वाहतं पाणी म्हणजे निर्धोक असंही समजू नका. 2005 साली न्यूझीलंडच्या हट नदीवर कुत्री दगावली ती गोट्यांवर वाढून काठाला लागलेले शेवाळाचे काळपट थर खाऊन. त्या थरांना कुबट वास येतो आणि कुत्र्यांना तो भलताच आवडतो. भिंगरीचं नाक जमिनीला असतं म्हणालात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

टिकली

जुनी काठी, झाडीत कायम दोर हे मला पटत नाही. मग कुत्र्याला रानात नेऊन उपयोग काय? आमचा तर मोकळाच असतो आणि शिट्टी वाजवली की येतो.

जुनी काठी

तुमचा येतो, त्यांची येत नाही. फरक तेवढाच. दहा मीटरच्या दोरावर कुत्र्याला हवं तेवढं हुंगता येतं, आणि रानात तो त्यासाठीच येतो. अंतर कापायची हौस आपल्याला असते. माझा थोरला आता एकेका बुंध्यापाशी इतका वेळ काढतो की मी शेजारी बसून घेतो. शिवाय बरेच पक्षी जमिनीवर अंडी घालतात. विणीच्या काळात कुत्रा नुसता जवळून गेला तरी मादी उठते आणि अंडी गार पडतात. शिट्टीवर येणाऱ्या कुत्र्यालाही ते कळत नाही.

गुरं चरत असतील तर मात्र दोर आखूड. वासरू असलेली गाय अंगावर आलीच तर दोर सोडून द्या. ती कुत्र्याच्या मागे असते, तुमच्या नाही, आणि कुत्रा तिच्यापेक्षा जोरात पळतो. त्याला कवटाळून उभं राहणं सगळ्यात वाईट. आणि शी उचला, रानातही. कुत्र्याच्या शीमधून गवतात गेलेल्या निओस्पोरा नावाच्या परजीवी जंतूमुळे गाई गाभडतात. पिशवी बांधून झाडाला टांगून जाणारे तर मला अजून समजलेले नाहीत. एवढं केलंत, आता घेऊन जा की!

पायवाट

सगळ्यांचे आभार. एकटी जाऊन आले. पसरट काठ एकच आहे, वळणाच्या आतल्या बाजूला, आणि वाट नेमकी समोरच्या उभ्या काठाने जाते, त्यामुळे आता उलट बाजूने जाणार. एक राहिलंच: मागे ती गार पाण्यात खूप पोहली होती, दुसऱ्या दिवशी शेपटी बुंध्यापाशी जेमतेम आडवी आणि पुढे सरळ खाली लोंबत होती. हलवेना, बसतानाही कुरकुरत होती. मोडली होती का?

गोचीडशत्रू

बहुतेक नाही. गार पाण्यात किंवा सवय नसताना फार पोहलं की शेपटीच्या बुडाचे स्नायू दुखावतात. शिकारी जातींच्या पोहणाऱ्या कुत्र्यांत हे नेहमी दिसतं. विश्रांती दिली की काही दिवसांत आपोआप वर येते. बुडाशी सूज असेल, हात लावला की ओरडत असेल किंवा शी-शू करताना त्रास होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नका, आयबुप्रोफेन कुत्र्यांना विषारी आहे. पुढच्या वेळी पोहणं थोडं थोडं करत वाढवा, काठी फेकून परत परत पाण्यात पळवू नका (पाणी पोटात जाऊन रक्तातलं मीठ उतरतं, कुत्री झोकांड्या खायला लागतात), आणि बाहेर आली की शेपटीचं बूड आणि ते पडके कान आतून कोरडे करा.