यवन म्हणजे नेमके कोण?

'यवन म्हणजे मुसलमान' असं सर्रास म्हटलं जातं. बखरींपुरतं ते ठीक, पण शब्द त्याहून फार जुना. मूळ ग्रीकांच्या आयोनियन शाखेचं नाव. इराणी सम्राट दारयवहूच्या (डरायसच्या) शिलालेखांत 'यौन', अशोकाच्या लेखांत 'योन'. पाणिनीकडे 'यवनानी' आहे, त्याच्या सूत्रांवर टिपा लिहिणारा वार्तिककार म्हणतो ती यवनांची लिपी. रामायणात वसिष्ठांच्या गाईच्या योनीतून यवन निघतात, पण ही व्युत्पत्ती उघडच मागाहून जुळवलेली (कोटी मात्र झकास!).

एखाद्या रविवारी दादरहून इंद्रायणी पकडा, लोणावळ्याला उतरा आणि कार्ल्याच्या चैत्यातले खांब निरखा. ब्राह्मीत 'यवनस' चक्क वाचता येतं: धेनुकाकट या गावच्या यवनाने दान दिलेला खांब. आणि त्या दात्याचं नाव? सिहधय. पक्कं इथलं!