पहिली टाइम ट्रायल मारायची आहे, साधी रोड बाइक चालेल का? (इंग्लंड)

घाटवाट
नमस्कार मंडळी, मी मूळचा नाशिकचा, दीड वर्षापासून लीड्सला नोकरीला. तिकडे रविवारी ग्रुपबरोबर त्र्यंबकला सायकल मारायचो, इथे एकटाच फिरतो. उन्हाळ्यात इथले क्लब संध्याकाळी १० मैलांची टाइम ट्रायल (एकेकट्याने घड्याळाविरुद्ध मारायची शर्यत) ठेवतात, परवा लांबून बघून आलो तर निम्म्यांकडे टोकदार हेल्मेट, मागे भरीव चाक, आणि माझी अ‍ॅल्युमिनियमची रोड बाइक. एकट्याने १६ किमीला ३३-३४ मिनिटं लागतात. खरंच जावं का, आणि आधी एअरो बार (हँडलला लावायचे, हात टेकवून खाली वाकायचे दांडे) घ्यावेत का?

मागचं_चाक
जा जा, बिनधास्त जा. सात-आठ वर्षं मारतोय इकडे, हळू आला म्हणून कोणी हसलेलं बघितलं नाही, उलट नवीन माणूस दिसला की लोक स्वतःहून येऊन बोलतात. काही खरेदी करू नकोस आत्ता. हेल्मेट आणि पुढचा-मागचा लाइट मात्र हवाच, दिवसाढवळ्या पण, नाहीतर सोडणारच नाहीत. क्लबचा मेंबर नसशील तर आयोजकाला आधी मेसेज टाक, नवख्यांना बहुतेक ठिकाणी घेतात.
अर्धा-पाऊण तास आधी पोच, सही कर, नंबर घे, पाठीवर खाली कमरेपाशी लाव. एकेक मिनिटाने एकेक जण सुटतो, मागून कोणीतरी सीट धरतं, नको असेल तर एक पाय खाली टेकवून निघालास तरी चालतं. पुढचा दिसला की त्याच्या मागे चिकटायचं नाही, ग्रुप राइडची सवय आहे ना तुला म्हणून मुद्दाम सांगतो, बाजूने ओलांडून सरळ पुढे जायचं. स्टार्ट-फिनिशजवळ यू-टर्न मारायचा नाही. आणि परत आल्यावर सही करायला विसरू नकोस, नाहीतर एवढं मारूनही टाइम धरत नाहीत.

वारा_समोरून
दादा, बार आत्ता नकोत हे बरोबर, पण का ते सांगते. तुमच्या स्पीडलाही जास्तीत जास्त ताकद हवा कापण्यातच जाते आणि हवेला सगळ्यात जास्त अडतं ते आपलं अंग, सायकल नाही. त्यामुळे फडफडणारी जर्सी घालू नका, कोपर वाकवून ड्रॉप्समध्ये (हँडलच्या खालच्या वाकड्या भागावर) खाली जा, खांदे आत घ्या. आधी घरामागच्या रस्त्यावर वीस मिनिटं तसं बसून चालवून बघा, मान-कंबर धरते की नाही ते कळेल. खाली बसायचं म्हणून मान घालून चाकाकडे बघत मात्र चालवू नका, रस्ता गाड्यांसाठी चालूच असतो, उभ्या गाडीवर आदळून माणसं गेली आहेत.
दुसरं पेसिंग, म्हणजे ताकद शेवटपर्यंत पुरवून वापरणं. पहिली दोन मैलं एकदम सोपं वाटलं पाहिजे, ताज्या पायांना सगळंच सोपं वाटतं आणि तिथेच सगळे फसतात. जाऊन-येऊन कोर्स असेल तर समोरच्या वाऱ्यात थोडं जास्त ढकला, कारण वेळ जास्त तिकडेच जातो, पाठीवर वारा असताना जीव तोडून फारसं काही वाचत नाही.

मागचं_चाक
+१ पेसिंगला. आणि लीड्सलाच आहेस म्हणून, सायकलपटू बेरिल बर्टन तिथल्याच मॉर्लीच्या. १९६७ मध्ये १२ तासांत २७७.२५ मैल मारले, पुरुषांच्या रेकॉर्डपेक्षाही जास्त, आणि पुढच्या पुरुषाला ओलांडताना त्याला खिशातली लिकोरिसची गोळी दिली. बायकांमधला तो आकडा २०१७ पर्यंत कोणी मोडला नव्हता. रुबार्बच्या शेतात राबून ही बाई हे करायची. मी नवीन माणसाला हे सांगतोच, मला फार भारी वाटतं.

घाटवाट
जाऊन आलो काल!! ३१:४८. ताईंनी सांगूनही पहिल्या दोन मैलांत जोरात सुटलोच, वळून परत येताना समोरून वारा आणि पाय संपलेले, दोघांनी ओलांडलं. सही करायची लक्षात राहिली. एका काकांनी नंबर काढून दिला आणि पुढच्या बुधवारी ये म्हणाले, नाव देऊन टाकलंय. आता सांगा, सायकल कॉम्प्युटरवर स्पीड बघू की झाकून ठेवू?

वारा_समोरून
झाका. वाऱ्यात स्पीड फसवतो. श्वासावर चालवा, पहिल्या पाच मिनिटांत एक अख्खं वाक्य बोलता येत नसेल तर जोरात चाललंय.